सरदारांचा हुकूम आणि कोंडाजीचा वस्तरा

कोंडाजी न्हाव्याचा हात हलका होता आणि जीभ धारदार. एकदा सरदार हैबतरावांच्या अंगणात तो आपल्या लहानग्या सगुणेला मडक्याला साबण फासून वस्तरा चालवायला शिकवत होता. दाढीला आलेले सरदार ते पाहून कडाडले, "लेकराच्या हाती हत्यार? यापुढे विशीच्या आत कुणी पातं धरलं, तर बापाला कैद!"

सगुणा रडू लागली. कोंडाजीने सरदारांच्या गालाला साबण लावला, वस्तरा गळ्याशी नेला आणि अदबीनं विचारलं, "हुकूम शिरसावंद्य, सरकार. फक्त एवढं सांगा, जो विसाव्या वर्षी पहिल्यांदा वस्तरा धरेल, तो आपल्या कुठल्या चिरंजीवांच्या गळ्यावर शिकेल?"

सरदार गळ्याशी आलेल्या पात्याकडे पाहू लागले. मग खदखदून हसले आणि सगुणेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हुकूम रद्द! शिक पोरी, अगदी सावकाश शिक."