घडी मोडलेला शेला

ओढ्याकाठच्या एका रानात, भोकरीच्या झाडावर, एक शिंपीण राहत असे. पानाला पान जोडून घर शिवणारा इवलासा पक्षी तुम्ही पाहिला असेल. त्याच जातीची ती. एका वर्षी वादळात तिचं घरटं फांदीसकट खाली आलं, पण आतली पिल्लं सुखरूप राहिली. तेव्हा तिनं वनदेवीपुढं चोच टेकली आणि वसा घेतला : "आई, मी शिवलेलं कापड नेऊन कोणी पस्तावलं, तर ते मी परत घेईन. घडी तेवढी मोडलेली नसावी. का आणलंस म्हणून विचारणार नाही, आणि घेतलेला कापूस जसाच्या तसा परत देईन."

त्या रानात सावरीचा कापूस द्यायचा आणि शेला नाहीतर ओढणी न्यायची, असा व्यवहार होता. हौस मोठी अनावर असते, बाळांनो. दुकानात रंग डोळ्यांत भरतो, आणि घरी आल्यावर कळतं, की अगंबाई, हे आपल्याला नकोच होतं! मग ते पेटीच्या तळाशी दडवून रोज हळहळण्यापेक्षा सरळ परत करावं. त्यात लाज कसली? चिचुंद्री येई, मैना येई. खाली मान घालून कापड पुढं करी, आणि हलक्या मनानं कापूस घेऊन जाई. शिंपिणीचा वसा सुखानं चालला होता.

पण त्याच रानात एक कोल्हीण होती. मुंगसाकडं बारसं निघालं, की ही आदल्या दिवशी शेला नेई. सशाकडं केळवण असलं, की ओढणी नेई. आणि कार्य उरकलं, की दुसऱ्या सकाळी झाडाखाली हजर!

"शिंपिणताई, काठ बारीक वाटला गं घरी गेल्यावर."

"ताई, आमच्या ह्यांना नाही बाई आवडला रंग. घडीसुद्धा मोडली नाही हो!"

घडी मोडली नाही म्हणे! त्या शेल्याला कोल्ह्याचा उग्र दर्प, काठाला गोखरू, मधोमध जेवणावळीचा डाग. पण का म्हणून विचारायचं नाही, असा वसा. मग घडी मोडली, हे शिंपीण सिद्ध कसं करणार? पक्ष्याला दात नसतात, नाहीतर तिनं दातओठ खाल्ले असते. कोल्हिणीला चांगला कापूस परत मिळे, आणि परत आलेल्या शेल्याला दुसरं कोणी हात लावायलाही तयार होत नसे. घरातला साठा संपत चालला. शेवटी कापसाचा एकच गोळा उरला, आणि तोही अंड्यांखाली अंथरलेला.

"वसा तुझा, आणि हुडहुडी अंड्यांना!" तिचा नवरा शिंपी एकदा कडाडला. "उद्या ती सांगेल, घरटंच उसवून दे. देशील?"

"तुम्ही गप्प बसा," शिंपीण म्हणाली. पण त्या दिवशी तिचा एकही टाका सरळ पडला नाही. आतून ती निखाऱ्यासारखी धुमसत होती.

होल्याच्या घरचं लग्न झालं आणि कोल्हीण पुन्हा आली. या वेळी केशरी शेला होता, शिंपिणीनं जीव ओतून शिवलेला.

"घे गं ताई. उगीच नेला मी. पेटीतून बाहेरसुद्धा काढला नाही बघ."

शिंपिणीनं शेला उलगडला. पदराच्या टोकाला हळदीचं एक बोट होतं, आणि त्यावर कुंकवाचं एक.

नवं कापड अंगाला लावण्याआधी त्याला हळदकुंकू लावायचं, देवीला दाखवायचं आणि मगच घडी मोडायची, ही त्या रानातली जुनी रीत. या खेपेला लग्नाच्या घरी देवीपुढंच बसायचं होतं. रीत चुकवायची कोल्हिणीला छाती झाली नाही. शेजारणीशी खोटं बोलायला मात्र झाली!

शिंपिणीच्या अंगाची लाही लाही झाली. एवढासा जीव, पण आवाज पार ओढ्यापलीकडं गेला. "पेटीतून काढला नाहीस? मग हे कुंकू काय पेटीनं लावलं? देवीला भिऊन बोट लावलंस, आणि त्याच देवीच्या नावानं मी वसा घेतलाय, तो लुबाडताना नाही भ्यायलीस? माझी अंडी गारठली तुझ्या मिरवण्यापायी!"

कोल्हीण शेपटी झटकून म्हणाली, "एवढ्याशा बोटावरून केवढा तमाशा! वसा घेतलायस ना? मग पाळ की. कापूस आण."

"नाही देत! आणि आजपासून कोणाचंच काही परत घेणार नाही! वसा गेला चुलीत!"

नेमकी त्याच वेळी अंगभर काट्यांची साळू झाडाखाली येऊन उभी होती. तिच्या तोंडात एक घडी घातलेली ओढणी होती. ती ओढणी तिनं हळूच खाली ठेवली.

"शिंपिणताई, कोल्हीणबाईंच्या अंगावर शेला पाहिला आणि मलाही हौस आली," ती पुटपुटली. "घरी गेल्यावर लक्षात आलं, मी ओढणी घेणार ती कुठं! पहिल्याच वळणाला चिंध्या व्हायच्या. पिल्लांच्या अंथरुणातला कापूस दिला होता मी. पण असू दे. तुमचं बोलणं ऐकलं. चूक माझीच." आणि ओढणी पुन्हा उचलून ती माघारी वळली.

शिंपिणीचा राग अजून उतरला नव्हता. पण तो चुकीच्या दारावर आदळला, हे तिला लख्ख दिसलं. देवीपुढं घेतलेला वसा मोडायचा, तो काय एका लबाडापायी?

"साळूबाई, थांब!" ती ओरडली. "ओढणी दे इकडं."

तिनं घरट्यात जाऊन अंड्यांखालचा गोळा काढला. तो गोळा तिनं साळूपुढं टाकला. मग साळूची ओढणी उघडली. स्वच्छ, कोरी, जशी नेली तशी मऊ. तीच तिनं अंड्यांखाली पसरली. पहिल्या कापसापेक्षा उबदार झालं ते अंथरूण. प्रामाणिकपणे परत आलेली वस्तू अशीच असते, बाळांनो. ती कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडतेच.

कोल्हीण फणकारली, "तिला कापूस, आणि मला नाही? साऱ्या रानात सांगीन, शिंपिणीनं वसा मोडला म्हणून!"

"जरूर सांग," शिंपीण म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, पण धार तशीच होती. "घडी मोडलेलं घेईन असं मी कधीच म्हटलं नव्हतं. शेला तुझा. सांगायला जाशील तेव्हा हाच अंगावर घे, आणि पदर तेवढा पुढं ठेव."

कोल्हिणीनं शेला तोंडात धरला आणि शेपूट पायांत घालून ती झुडपाआड गेली. साऱ्या रानात ती अवाक्षर बोलली नाही.

तात्पर्य : वापरून परत करणं ही चोरीच, आणि चोरावरचा राग प्रामाणिक माणसावर काढू नये. मुलांनो, हौसेनं आणलेलं नकोसं झालं तर तुम्हीही साळूसारखं करा : घडी मोडू नका, चूक कबूल करा आणि ताठ मानेनं परत द्या. आणि कोणी असं खरं बोलून तुमच्या दारी आलं, तर शिंपिणीसारखं त्याला हाक मारून माघारी बोलवा.