हाक कोणी द्यायची?

"...आणि रानकुत्र्यांशी चाललेली लढाई संपली, की हे कुरण हरणांचंच. पण..."

साळुंकीचे एवढेच बोलणे हरिणीच्या कानावर पडले, तोच वानराने फांदी हलवून साळुंकीला हुसकावले. आता बाळांनो, अर्धी बातमी पोटात ठेवून कुणाला चरवते का? हरिणी पाडसाला नाल्याकाठच्या गवतात बसवून सरळ झाडाखाली जाऊन उभी राहिली.

ते कुरण होते वाघाच्या ताब्यातले. रानकुत्र्यांशी लढायला वाघाने अस्वलाशी दोस्ती केली होती. हरणांना बातम्या आणि धोक्याची हाक द्यायचे काम वाघाच्या वानराकडे होते. अस्वलाने आपल्या बाजूच्या बातम्या द्यायला आपली साळुंकीही तिथे धाडली.

"वानरभावजी, काय सांगत होती हो ती?" हरिणीने विचारले.

"काही नाही, वहिनी. कुरण वाघोबांचं. इथे काय सांगायचं ते आम्ही ठरवू."

"लढायला आमचे अस्वलदादा चालतात," शेंड्यावरून साळुंकी म्हणाली, "त्यांचा शब्द तेवढा चालत नाही होय?"

भांडण वर गेले. वाघ आणि अस्वल यांनी तोडगा काढला, की यापुढे प्रत्येक हाक दोघांना पटली तरच द्यायची. हरणांनी नुसते ऐकायचे, मध्ये ओरडायचे नाही.

चार दिवसांनी भर दुपारी वानराला गवत हलताना दिसले. "रानकुत्रे! नाल्याकडून आले, असं सांगतो."

"नाला अस्वलदादांच्या हद्दीत आहे. ठपका त्यांच्यावर येईल. टेकडीकडून म्हण."

"टेकडी वाघोबांची. ते कसं म्हणू?"

खाली हरिणी कान टवकारून उभीच होती. तिचे पाडस नाल्याकाठीच झोपले होते. तिने हुकूम बाजूला ठेवला, खूर आपटला आणि जिवाच्या आकांताने हाक दिली. पाडस उठून तिच्याकडे धावले, कळप टेकडीवर पळाला. एक म्हातारे हरीण मागे राहिले, ते राहिलेच. झाडावर हद्दीची घासाघीस तरीही चालूच होती.

पुढे लढाई संपली. साळुंकीची बातमी निम्मीच खरी निघाली. कुरण हरणांना देण्याचा शब्द अस्वलाने दिला होता खरा, पण कुरण त्याचे थोडेच होते? वाघाने फक्त टेकडीखालची पट्टी हरणांना सोडली. हाक देण्यासाठी परवानगी विचारणे मात्र हरणांनी त्या दुपारपासूनच बंद केले होते.

तात्पर्य : आपल्या जिवाची खबर दुसऱ्यांच्या मानपानावर सोपवू नये. ते एकमेकांची मर्जी सांभाळत बसतात आणि संकट आपल्यापर्यंत येऊन पोहोचते.