चांदणी शेळी आणि पहिली मूठ

एक होती तबिथा, एक होता तिचा बाप शांतवन, एक आई सलोमी, आणि सगळ्यांच्या शेवटी एवढासा योहान. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गवती छपराचं घर. बाप बांबूच्या टोपल्या विणायचा, आई त्या गावोगाव विकायची, आणि तबिथा योहानला कडेवर घेऊन हिंडायची. दोन वर्षांचा झाला तरी पोर उभं राहत नव्हतं. पाय कसे, तर शेवग्याच्या कोवळ्या शेंगा. वैद्य म्हणाला, लेकराला रोज दूध द्या. पण त्या घरानं दूध नुसतं पाहिलेलं, चाखलेलं नव्हे.

तरीही सलोमीचा एक नेम होता. दळायला बाजरी काढली की पहिली मूठ देवाच्या गाडग्यात. रविवारी ते गाडगं येशूच्या देवळात जायचं, आणि ज्याची चूल पेटली नाही त्याच्या घरी ती बाजरी पोचायची. तुम्हालाच पुरत नाही आणि देता काय, असं शेजारीण बोलली की सलोमी नुसती हसायची.

एकदा उन्हाळ्यात तबिथा पाटी घेऊन करवंदं आणायला रानात गेली. काळी-जांभळी, टपोरी करवंदं पानाआडून डोळे मिचकावत होती. तेवढ्यात जाळीत काहीतरी लुकलुकलं. तिला वाटलं काजवा. पण भर उन्हात काजवा कुठला? वाकून बघते तर करंगळीएवढी परी. अंगावर शेवंतीच्या पाकळीचा झगा, केसांत दवाचे मणी, आणि मोरपंखी झाकेचा एक चिमुकला पंख काट्यात अडकलेला.

तबिथानं एकेक काटा हळूहळू बाजूला केला. बोटं रक्ताळली, ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कुठे पंख सुटला.

"तुझी पाटी रिकामीच राहिली गं," परी म्हणाली.

"राहू दे. करवंदं उद्याही पिकतील. पंख काय उद्या नवा फुटतोय?"

परी खुदकन हसली, तशी सगळी जाळी चमचमली. म्हणाली, दोन गोष्टी माग. एक आत्ता, एक मागाहून. तबिथाला विचार करावाच लागला नाही. तिनं योहानसाठी दुभती शेळी मागितली.

"देते. पण नीट ऐक," परी म्हणाली. "मी देणारी नव्हे, नुसती आणून देणारी. देणारा वर आहे. रोजची पहिली मूठ, सकाळचा पहिला शब्द आणि रविवार, ही तीन त्याची. ती शेळीला द्यायची नाहीत."

तबिथा घरी आली, तर अंगणात शेळी उभी. चंदेरी केस, गुलाबी कान, इवलीशी शेपटी, आणि कपाळावर पांढरी टिकली. नाव ठेवलं चांदणी. तबिथानं परीची अट सांगितली, सगळ्यांनी मान डोलावली. पहिल्याच दिवशी तांब्याभर दूध निघालं, केशराच्या वासाचं. महिन्याभरात योहानच्या गालावर डाळिंब फुललं. भिंतीला धरून तो उभासुद्धा राहायला लागला.

मग बरं का, एका सकाळी सलोमीनं बाजरी काढली आणि चांदणी बें बें करून ओरडली. आता हिच्यामुळेच तर लेकरू सुधारलं, असं मनात आलं आणि पहिली मूठ गेली शेळीच्या तोंडात. देवाला काय, दुसरी चालेल. दुसऱ्या दिवशी शेळी वासराएवढी झाली.

सगळ्यांना आनंदच झाला. दूध वाढलं, शांतवन ते बाजारात विकायला लागला. आणि खोटं कशाला सांगू, तबिथाही चुकली. रोज डोळे उघडले की ती आधी "आमच्या स्वर्गीय बापा" म्हणायची. आता उठली की थेट शेळीकडे पळायची, "चांदणे, झोप लागली का गं?" प्रार्थना मग राहून जायची. शेळी म्हशीएवढी झाली.

पुढे लोक रविवारीच शेळी बघायला यायला लागले. देवळाची घंटा वाजली की तबिथा बापाकडे बघायची. शांतवन म्हणायचा, "अगं, देव काही रागावत नाही. शेळी रागावते."

असे दोन-तीन रविवार देवळाविना गेले आणि शेळी घरभर झाली. शिंगं छपरातून वर, शेपटी दारातून बाहेर. माणसं अंगणात निजायला लागली, योहानची झोळी बाभळीला टांगली. बाप पाला आणण्यात, आई पाणी भरण्यात, तबिथा शेण काढण्यात. झोळीतल्या लेकराला कुणी घ्यायचं? त्याचं दूधही बाजारात जायचं, कारण शेळीच्या पेंडीला पैसे लागायचे. गालावरचं डाळिंब सुकलं. पाय पुन्हा शेंगांसारखे झाले.

असं होता होता एक रविवार उजाडला आणि घरात उरली एकच मूठ बाजरी. शेळीनं पाय आपटला, घर हाललं. खायला मिळाल्याशिवाय ती दुधाचा थेंब देणार नव्हती. झोळीत योहान पडून होता, रडण्याचंही त्राण नव्हतं.

"घाल तिच्यापुढे," शांतवन म्हणाला. "निदान पोराला दूध मिळेल."

तबिथानं मूठ घट्ट धरली. "आप्पा, ही देवाची आहे. आपण त्याचं हिला देत गेलो, आणि ही वाढत गेली. योहानला जागाच उरली नाही."

तिनं योहानला कडेवर घेतलं आणि देवळाची वाट धरली. वेदीपुढच्या पाटीत तिनं मूठ उघडली आणि हळूच म्हणाली, "देवा, चुकलं आमचं. याचं काय करायचं ते आता तूच बघ."

मागे पावलं वाजली. सलोमी आली होती, डोळे पुसत. आणि तिच्या मागे शांतवन. शेळीचं दावं हातातून सोडून तो कितीतरी रविवारांनी देवळात आला होता. शेळी पळून जाईल याची त्याला खात्री होती, तरी आला. चौघं एका सतरंजीवर बसली.

उपासना झाली, सगळे घरी आले. घर सरळ उभं होतं. अंगणात साध्या शेळीएवढी शेळी, शांतवनाची नवी टोपली चघळत. आणि तिच्या पाठीवर परी.

"एक मागणं उरलंय, तबिथा."

तबिथानं योहानकडे पाहिलं, शेळीच्या भरल्या कासेकडे पाहिलं. "आमची सोय झाली. आता दुसऱ्या कुणाच्या घरी असं लेकरू असेल, तर ते मागणं तिकडे ने."

परीचे पंख सोनेरी झाले, मग गुलाबी, मग पांढरेशुभ्र. अंगणभर उजेड सांडला, आणि उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती.

चांदणीनं त्या दिवशी वाटीभर दूध दिलं. साधंच, केशराचा वास नसलेलं. ते आधी योहानला पाजलं. रोज एक वाटी, रोज एक वाटी. दिवाळीनंतर शेळीला दोन करडं झाली. एक त्यांनी शेजारणीला दिलं. शांतवनाच्या टोपल्यांना पार तालुक्यातून मागणी आली. आणि नाताळच्या सकाळी योहान बापाचं बोट सोडून देवळापर्यंत चालत गेला. वाटेत तीनदा पडला, तीनदा उठला, आणि चौथ्यांदा पळायलाच लागला.