अपुरा संशय

दौलत शिवराम हगवणे, वय वर्षे त्रेसष्ट, न्यायालयातील नाझरपदावरून निवृत्त झाले आणि गावातील एका वृद्ध गुरुजींचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. गुरुजी कसब्यातील घराण्यांच्या वंशावळी संकेतस्थळावर प्रसिद्ध करीत असत. दूरदूरच्या लोकांची पत्रे तेथे येत. आमचे मूळ घर कोणते, कुलदैवत कोणते, पणजोबांना भाऊ किती, अशी त्यांची पृच्छा असे. नव्वदीला टेकलेल्या गुरुजींच्याने हा पत्रव्यवहार निभेना, तेव्हा तो त्यांनी दौलतरावांच्या स्वाधीन केला.

दौलतरावांची हयात जप्तीच्या हुकमांत गेली होती. प्रत्येक पत्रामागे त्यांना एखादी जमीन आणि एखादा दावा दिसे. "आधी कागद पाठवा, मग बोला," हेच त्यांचे उत्तर. कागद येईपर्यंत पत्र पडून राही, आणि बहुधा कायमचेच पडून राही.

एके दिवशी जबलपूरहून नलिनी दुबे नावाच्या बाईंचे पत्र आले. त्यांचे वडील अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असून अंथरुणास खिळले होते. या वडिलांचे वडील, म्हणजे बाईंचे आजोबा महादेव खांबेटे, या गावातून निघून गेले होते आणि मागचे कधी बोलले नव्हते. 'गावात आपलं कुणी आहे का, एवढंच बाबा रोज विचारतात. लवकर कळवावे,' असे बाईंनी लिहिले होते.

दौलतरावांनी वंशावळ उघडली आणि त्यांची मुद्रा उजळली.

"गुरुजी, सापडली! आपल्या नोंदीप्रमाणे महादेव खांबेटे वारले एकोणीसशे एकतीस साली. हिचे वडील जन्मले छत्तीसला. बाप मेल्यावर पाच वर्षांनी पोरगा! खांबेट्यांच्या आमराईतून हमरस्ता जायचाय, त्याच्या मोबदल्याचा वास जबलपूरपर्यंत गेलेला दिसतोय. पुन्हा लिहाल तर पोलिसांत देऊ, असं उत्तर तयार ठेवलंय."

गुरुजींनी ते उत्तर चष्म्याजवळ धरून वाचले. "भाषा शुद्ध आहे हो तुमची. पण आज पाठवू नका. एक नारळ घ्या आणि चला माझ्याबरोबर."

दौलतरावांच्या मनात पाल चुकचुकली. गुरुजी त्या बाईला आतून सामील तर नाहीत? नारळ त्यांनी मुकाट्याने घेतला. मात्र वाटेत ते गुरुजींच्या एक पाऊल मागेच राहिले.

खांबेट्यांच्या ओटीवर घरातील ज्येष्ठ पुरुष भार्गवकाका सुपारी कातरीत बसले होते.

"नारळ? कुणाची सोयरीक आणलीत, गुरुजी? या घरात बोहल्यावर चढायचा आता मीच उरलोय!"

गुरुजी हसले नाहीत. जबलपूरचे नावही त्यांनी घेतले नाही. "काका, तुमच्या महादेव चुलत आजोबांना अग्नी कोणी दिला?"

हा कसला प्रश्न, असे दौलतरावांना वाटले.

"माझ्या आजोबांनी. थोरले भाऊ ना ते! पण माणसाला कुठे दिला? भांडून गेला तो अठराव्या वर्षी. बारा वर्षं वाट पाहिली, मग रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून नदीवर त्यालाच अग्नी दिला. पणजी त्या दिवशी जेवली नाही म्हणे. म्हणायची, पानं जाळलीत, माझं पोर नाही जाळलंत."

"मग एकतीस साल?" दौलतरावांचा आवाज उतरला होता.

"ते क्रियेचं. वंशावळीसाठी साल मागितलंत, होतं ते दिलं. मेला कधी, ते देव जाणे."

आता गुरुजींनी नारळ काकांपुढे ठेवला आणि पत्राची हकीकत सांगितली. अडकित्ता थांबला.

"पोर आहे त्याला? जिवंत?" काकांनी आमराईकडे पाहिले. "जमीन मागायला आली असतील तर?"

"असतीलही."

"मग मागू देत. कोर्ट कुठे पळून जातंय? आधी फोन लावा."

परतताना दौलतराव गुरुजींच्या बरोबरीने चालत होते. ते म्हणाले, "गुरुजी, संशय घेणं माझं चुकलंच."

"मुळीच नाही," गुरुजी म्हणाले. "नोंदी राखणाऱ्याने संशय घ्यावाच. तुमचा तो अपुरा पडला. त्या बाईंकडे तुम्ही कागद मागितलेत; एकतीस सालाकडे मागितलात का? ते आपल्या अक्षरातलं, म्हणून विनाचौकशी सुटलं. संशयाला आपलं-परकं नसावं, दौलतराव. आपल्या उंबऱ्यापाशी जो थांबतो, त्याला लोक संशय म्हणतात खरे, पण तो अभिमान असतो. आणि तिकडे एक म्हातारा उत्तराची वाट पाहत पडून असतो."

जबलपूरच्या वृद्धास त्याच संध्याकाळी कळले की गावात आपले घर आहे आणि घरात माणसे आहेत. तेव्हापासून दौलतराव कोणत्याही पत्रलेखकाला खोटे ठरविण्यापूर्वी आपली नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली ते विचारून येतात, आणि आलेल्या पत्राची पोच त्याच दिवशी देतात. महादेव खांबेटे यांच्या नावापुढील १९३१ हे साल आता 'क्रिया केली' या शब्दांसह आहे. त्याखाली एक ओळ वाढली आहे: मृत्यू १९६४, जबलपूर; माहिती देणार नात नलिनी.