कासवासाठी मऊ आसन

मुलांनो, एका डोंगराच्या पोटात जुनी लेणी होती, लेण्यांच्या खाली रान होते आणि रान संपते तिथे एक तळे होते. त्या तळ्याकाठच्या लव्हाळ्यात एक हळदी-कुंकू बदकीण राहत असे. चोचीच्या टोकाला हळद, कपाळाशी कुंकवाचे बोट, म्हणून तिच्या जातीला हे नाव. दिसायला देखणी, कामाला चोख आणि स्वभावाने इतकी भोळी, की तळे उद्या डोंगरावर चढणार आहे असे कोणी सांगितले, तर ती आजच आवराआवर करायला घेईल. आदल्या वर्षी तळे ओसंडले आणि तिची सगळी पिल्ले ओढ्याला वाहून गेली. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. यंदा पुन्हा अंडी घातली होती, पण त्यांच्यावर बसल्या बसल्या तिचे लक्ष पाण्याकडेच असे. जरा लाट आली की तिच्या काळजात धस्स होई.

इथे बदकांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. अंडी घातली की बदकीण स्वतःच्या पोटाची मऊ पिसे उपटते आणि घरट्यात अंथरते. चारापाण्यासाठी उठायची वेळ आली की तीच पिसे अंड्यांवर ओढून घेते. त्यामुळे अंडी गार पडत नाहीत आणि वरून जाणाऱ्या कावळ्याला दिसतही नाहीत. ते पांघरूण आहे म्हणूनच आईला घटकाभर बाहेर जाता येते.

त्या पावसाळ्यात लेण्यांमध्ये एक म्हातारे कासव मुक्कामाला आले होते. ते भिक्खू होते. भिक्खू एरवी रानोरान फिरतात, पण पावसाळ्यात एका जागी राहून धम्म सांगतात. त्याला वर्षावास म्हणतात. कासव बोले थोडेच, पण ते ऐकून भांडखोर रानडुकरेसुद्धा मान खाली घालून घरी जात, अशी त्याची ख्याती होती. शेजारची पाणकोंबडी त्याची एक देशना, म्हणजे प्रवचन, ऐकून आली आणि तीन रात्री घोरत पडली. तिने बदकिणीला सांगितले, की बाई, एकदा जाऊनच ये, नाहीतर त्या पाण्याकडे बघून बघून तुला वेड लागेल. बदकिणीला ते पटले. अंडी उबवून व्हायला आता थोडेच दिवस उरले होते आणि पिल्ले बाहेर येतील तेव्हा आपले मन ठिकाणावर असावे, एवढीच तिची इच्छा होती.

श्रावणातल्या पौर्णिमेला दुपारी पावसाने उघडीप दिली. बदकिणीने अंडी नीट झाकली आणि ती लेण्यांकडे उडाली. पायऱ्यांशी कोल्हा उभा होता. सगळी व्यवस्था आपल्याकडे आहे, असे तो येईल त्याला सांगत होता. त्याला कोणी नेमले होते विचाराल, तर कोणीच नाही. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि सगळ्यांनी त्याला वाट विचारली, तेव्हापासून तो व्यवस्थापक. पावसाळाभर आपण मांस सोडले आहे, हेही तो न विचारता सांगे. अस्वलाकडून त्याने भंतेंच्या, म्हणजे कासवाच्या, रात्रीच्या फराळासाठी मध घेतला होता आणि साळिंदराकडून कंद. दुपारनंतर भिक्खू काही खात नाहीत, हे अस्वलाच्या ध्यानात आले नाही आणि साळिंदराला विचारायचा धीर झाला नाही.

कोल्ह्याने बदकिणीला आपादमस्तक न्याहाळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "देशनेला काही पडत नाही, बाई. पण व्यवस्थेचे काय? भंते म्हातारे झाले, गार दगडावर बसतात. त्यांच्या आसनाला मऊ पिसे हवीत. देईल तो पहिल्या रांगेत. न देईल त्याने खाली करवंदीच्या जाळीमागे उभे राहावे. तिथे काही ऐकू येत नाही, हे आधीच सांगतो."

बदकीण म्हणाली, की पोटावर आता पीसच उरलेले नाही, जे होते ते घरट्यात आहे. कोल्हा नुसताच हसला. मग घरट्यातले आणा, म्हणाला, उन्हे पडली आहेत, घटकाभराने काय होते?

आता एवढे तरी तिने मनाशी म्हणायला हवे होते, की ज्याच्या पाठीवर ढाल आणि पोटाखालीही ढाल, त्याला गादी कशाला? पण आपण अडलेले असलो की अक्कल गहाण पडते. ती परत उडाली, अंड्यांवरचे पांघरूण चोचीत गोळा केले, चार काड्या वर टाकल्या आणि पिसे आणून कोल्ह्याच्या पुढ्यात ठेवली. तिला पहिल्या रांगेत जागा मिळाली. लक्ष घरट्याकडे होते, पण आपण धम्मासाठी काहीतरी सोडले, याचे तिला थोडे समाधानही वाटत होते.

कासव सावकाश येऊन उघड्या दगडावर बसले. ते तोंड उघडणार, एवढ्यात कोल्हा पुढे आला. मोठ्या सभेत देणाऱ्यांची नावे पुकारायची पद्धत असते, आणि ती त्याला फार आवडे, कारण नाव पुकारले की दुसऱ्या दिवशी शेजारीही काहीतरी घेऊन येतो. त्याने अस्वलाचे नाव घेतले, साळिंदराचे घेतले आणि शेवटी खणखणीत आवाजात म्हणाला, "भंतेंच्या आसनासाठी तळ्यावरच्या बदकीणबाईंनी आपली पिसे दिली आहेत." सगळ्यांनी साधू, साधू म्हटले. कासवाने मात्र मान वळवून आपल्या पोटाखाली पाहिले. दगडच होता. मग त्याने बदकिणीला विचारले, की ही पिसे कुठली?

"अंड्यांवरची, भंते."

"मग तू इथे कशी?"

"मन शांत होत नाही म्हणून आले."

"अंडी उघडी टाकून कोणाचे मन शांत झाले आहे? आधी घरी जा. मी थांबेन, कावळा थांबणार नाही."

बदकिणीने पुढचे काही ऐकले नाही. ती गेल्यावर कोल्हा म्हणू लागला, की भंते, व्यवस्थेला खर्च येतो, सभा काय हवेवर चालते? कासवाने ते नाकारले नाही. ते म्हणाले, "येतो ना. झाडायला शेपूट लागते, पाणी आणायला पाय लागतात. तेवढे तुझ्याकडे आहे." त्या दिवशी देशना झाली नाही. साळिंदराने कोल्ह्याच्या बिळात शिरून पिसे बाहेर काढली आणि पाणकोंबडीने ती तळ्यावर नेली. कोल्ह्याकडे ती का दिली नाहीत, ते तुम्हाला सांगायला नको.

इकडे बदकीण पोहोचली तेव्हा कावळा घरट्याच्या काठावर बसला होता. तिने त्याला हाकलले, पण एक अंडे फुटलेले होते. बाकीची गारढोण पडली होती. ती त्यांच्यावर बसली ती उठलीच नाही. पाणकोंबडीने पिसे आणून चहूबाजूंनी लावली, दाणा पुढे ठेवला, पण बदकिणीने तोंड लावले नाही. पोटाखाली जीव आहे की नुसती टरफले, हे तिला कळत नव्हते, आणि विचारणार कोणाला?

लेण्यांपासून तळ्यापर्यंत बदकाला घटकाही लागत नाही. कासव दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले आणि चिखल, काटे, ओढा ओलांडत चौथ्या दिवशी लव्हाळ्यात पोहोचले. बदकीण गडबडून गेली. एवढ्या लांब कशाला आलात, असे तिने विचारले.

"तुझी देशना राहिली होती," कासव म्हणाले आणि चिखलातच बसले.

बदकिणीला रडू आले. ती म्हणाली, "एक अंडे गेले, भंते. माझ्या मूर्खपणाने गेले."

"हो, तुझी चूक झाली," कासव म्हणाले. "कोल्ह्याचीही झाली. आणि माझीही. मी वर बसून बोलत राहिलो, पायऱ्यांशी काय मागितले जाते ते एकदाही पाहिले नाही." मग ते तिला गेलेल्या पिल्लांबद्दल बोलू लागले, पाण्याबद्दल, आणि जे आपल्या हाती नसते त्याबद्दल. बदकीण मान खाली घालून ऐकत होती. ऐकता ऐकता ती एकदम ताठ झाली. तिच्या पोटाखाली कोणीतरी आतून टकटक करत होते. एक थांबले की दुसरे करी.

कासवाने बोलणे अर्ध्यावर थांबवले. "आता हेच ऐक," ते म्हणाले आणि स्वतःही ऐकत बसले.

तात्पर्य : गुरूच्या नावाने कोणी काही मागितले, तर ते गुरूला लागते का, एवढे आधी पाहावे, आणि लागत असले, तरी अंड्यांवरचे पांघरूण काढून देऊ नये.