उशिरा येणारे : शून्य

"अण्णा, तुम्ही इथं? मागच्या दाराशी?"



जयमालाबाईंनी नव्या साडीच्या पदरानं कपाळ टिपलं. पुढच्या अंगणात मांडव भरला होता. सांगलीहून संस्थेचे पाहुणे आले होते, पालक आले होते, पोरं इस्त्रीच्या कपड्यांत ओळीनं बसली होती. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं खोळंबलं होतं, ते अण्णा कुंभार, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, शाळेच्या पाठीमागं मातीत मांडी घालून बसले होते.

शेजारी चौदा वर्षांची महादेवी. दोघांच्या मध्ये रुमालावर मूठभर बेदाणे.

"बस की," अण्णा म्हणाले. "आंबट हायत, पण बरे हायत."

"अण्णा, पाहुणे थांबलेत."

"किती वाजले?"

"पावणेअकरा."

"म्हणजे उशीर झाला."

"तुमच्यासाठी थांबलोय ना आम्ही!"

"घंटा ऐकली मी, जयू. ओढ्यापाशी होतो तवा."

त्यांनी एक बेदाणा तोंडात टाकला. पुढं काही बोलले नाहीत.

जयमालाबाईंना हे गप्प बसणं लहानपणापासून ओळखीचं होतं. त्यापेक्षा दोन धपाटे बरे, असं तेव्हाही वाटायचं.

दुसऱ्या शाळांनी ज्यांच्या दाखल्यावर सही करताना सुटकेचा श्वास सोडला, त्या पोरांची ही शाळा. तासगावच्या बाजूला, बेदाण्याच्या एका जुन्या गोदामात भरणारी. कुणाचा बाप तुरुंगात, कुणाची आई बेदाणा निवडायच्या शेडवर, कुणी दोनदा नापास, कुणी चार गावं फिरून आलेलं. पट त्रेचाळीस. अण्णांनी ती सव्वीस वर्षं चालवली आणि गेल्या जूनमध्ये जयमालाबाईंच्या हाती देऊन ते भावाच्या गावी निघून गेले. जाताना कसलाही उपदेश केला नाही. किल्ली दिली आणि एसटीत बसले.

जयमालाबाई याच शाळेच्या. चार घरची भांडी घासून शिकलेल्या.

हा त्यांचा पहिला वार्षिक अहवाल. शेवटच्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, अण्णांच्या सहीपुरती जागा त्यांनी मुद्दाम कोरी ठेवली होती. वर्षभर राबताना डोळ्यांपुढं तीच जागा होती. खोटं कशाला बोलायचं, पाहुण्यांच्या टाळ्यांचं त्यांना काहीच नव्हतं.

"अहवाल आणलायस?" अण्णांनी विचारलं.

"हातातच आहे."

"वाच मग."

"इथं?"

"मी हितंच हाय की."

बाईंनी चष्मा लावला. उभ्यानंच वाचू लागल्या. पहिल्या दोन ओळी आवाज कापला, मग चढला. आपल्या हातानं केलेलं काम वाचताना आवाज चढतोच.

दहावीला बसलेले अकरा, वर्षाच्या मध्येच सोडून गेलेला एकही नाही. आठवीतून घरी बसलेल्या पाच मुली परत आल्या. आयटीआयला तिघे लागले. दोन पोरींचे साखरपुडे ठरले होते. ते कसे लांबले हे अहवालात लिहिलेलं नव्हतं, पण एका नवरदेवाच्या बापाला बाईंनी चावडीवर जे ऐकवलं ते पंचक्रोशीत माहीत होतं.

"त्या पाच पोरींचं परत वाच," अण्णा म्हणाले.

बाईंनी परत वाचलं.

म्हाताऱ्यानं मान हलवली. डोळे भरले होते आणि ते लपवायची तसदी त्यांनी घेतली नाही. बाईंचा ऊर भरून आला. वाटलं, झालं, आता सही.

"पुढं?"

"पुढं सगळ्यात मोठं आहे, अण्णा." बाईंनी पान उलटलं. "उशिरा येणारे : शून्य."

अण्णांचा रुमालाकडं गेलेला हात थांबला.

"गेल्या साली किती होते?"

"रोजचे सात. पहाटे पाचपासून शेडवर बेदाणा निवडायचा आणि साडेनऊला सुटून पळत यायचं. तुम्हाला तर माहीतच आहे."

"मग ते सात कुठं गेले?"

या प्रश्नाची बाई वाटच बघत होत्या. "मी शेडमालकांच्या दारात जाऊन बसले, अण्णा! एक नाही, चार शेड. पोरांना आठला सोडा, नाहीतर बालमजुरीचा कागद करते म्हणाले. एकानं कुत्रं अंगावर घातलं. हे बघा, पोटरीला अजून वण आहे. पण सोडलं आठला. ती पोरं आता दहाच्या ठोक्याला वर्गात असतात."

"सातही?"

"...सहा."

महादेवी बेदाण्याची काडी बोटांनी मोडत होती. काडी केव्हाच मोडली होती, तरी ती मोडतच होती.

"हिच्या शेडचा मालक बधला नाही," बाई म्हणाल्या. आता आवाज जरा उतरला होता. "घरी चारदा जाऊन आले मी. दिवाळीपासून येतच नाही. पटावरून नाव कमी केलं नाही हिचं, अनियमित असं लिहिलंय."

"येत न्हाई कोण म्हणलं? रोज येती." अण्णांनी जमिनीकडं बोट दाखवलं. "हितपर्यंत."

कडुलिंबाच्या बुंध्याजवळ माती गुळगुळीत झाली होती. कुणीतरी रोज बसावं तशी.



"महादेवी," बाई म्हणाल्या, "मी तुला सांगितलं नव्हतं का गं? उशीर झाला तर मागच्या दारानं ये. गुपचूप बस. कुणी काही बोलणार नाही. दार उघडंच ठेवते मी तुझ्यासाठी."

ते खरं होतं. दार उघडंच होतं.

"सांगितलं हुतं, बाई."

"मग?"

महादेवीनं अण्णांकडं बघितलं. अण्णा आभाळाकडं बघत होते.

"घंटा झाल्यावर आत जायचं म्हंजी..." ती अडखळली. "समद्यांची जेवणं उरकल्यावर दुसऱ्याच्या घरी गेल्यागत वाटतंय."

मांडवातून माईकची खरखर ऐकू आली. कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं.

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. दारापाशी गेले आणि खाली वाकले. वाऱ्यानं दार मिटू नये म्हणून त्याला एक लोखंडी वस्तू लावलेली होती. नांगराचा जुना फाळ. भोकात अजून तारेचा गोल होता.

"हा हितं कसा?"

जयमालाबाई कधीतरी हे सांगणारच होत्या. आज सांगावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

सव्वीस वर्षं हा फाळ शाळेच्या पुढच्या फाटकाशी टांगलेला होता. तीच घंटा. आणि ती वाजवायची रीत एकच, त्या दिवशी जो सगळ्यात शेवटी येईल त्यानं बोल्टनं टोल द्यायचा. टोल पडला की सगळी शाळा ओरडायची, 'आऽऽला!' किंवा 'आऽऽली!' बाईंनी जूनमध्ये पहिलं काम केलं ते हे, की फाळ उतरवला आणि विजेची घंटा बसवली.

"राग मानू नका, अण्णा," त्या म्हणाल्या. "तुमच्या सगळ्या गोष्टी मी तशाच ठेवल्या. ही एक नाही ठेवली. ठेवूच शकले नाही."

"का?"

"मला शिक्षा व्हायची ती." इतक्या वर्षांचं एकदम बाहेर आलं. "हात राखेनं भरलेले, परकर ओला, धापा टाकत यायचे मी. आणि आल्या आल्या सगळ्यांच्या देखत टोल द्यायचा. जगाला सांगायचं, बघा, हिला आजही उशीर झाला. वर सगळे ओरडणार. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या हातात आलं की कुठल्या पोराला ही शिक्षा होऊ द्यायची नाही."

"शिक्षा..." अण्णा म्हणाले.

त्यांनी तो शब्द खोटं नाणं पारखावं तसा पुन्हा एकदा हळूच उच्चारला.



"जयू, किती वर्षं होतीस हितं?"

"तीन."

"रोज उशीर?"

"रोज."

"तू कालव्याच्या पुलावरनं पळत यायचीस. तू यायच्या आधी घंटा झाली, आसं एकदा तरी ऐकलंस?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या.

कालव्याचा पूल. पुलावरून दिसणारं गोदाम. हातात चपला घेऊन पळणारी बारकी पोर. फाळ फाटकाशी लोंबतोय, हलतसुद्धा नाही. वर्गात पोरं पाट्या घेऊन बसलेली, पण कुणी लिहीत नाही. अण्णा दारात, डोळ्यांवर आडवा हात धरून पुलाकडं बघतायत. तापातून उठून आली त्या दिवशी तर साडेअकरा झाले होते. त्या दिवशीही...

"न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज छत्तीस वर्षांच्या मुख्याध्यापिकेचा नव्हता. "एकदाबी न्हाई."

अण्णांनी रुमाल झटकला आणि खिशात ठेवला.

 जयमालाबाई खाली वाकल्या आणि दोन्ही हातांनी फाळ ओढून काढला. आधार सुटल्याबरोबर मागचं दार धाडकन मिटलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं नाही.

"चल," त्या महादेवीला म्हणाल्या. "पुढनं जाऊ."

फाळ जड होता. कुठल्या मुख्याध्यापिकेनं वार्षिक समारंभाला काठपदराच्या साडीवर गंजलेला फाळ कवटाळून येऊ नये, एवढं पाहुण्यांनाही कळत होतं. ते उभे राहिले.

"बाई, काय हे? कार्यक्रम सुरू करायचा ना?"

"घंटा व्हायचीय अजून, साहेब."

"दहाला झाली की! आम्ही सगळ्यांनी ऐकली."

"ती चुकून झाली," बाई म्हणाल्या.

फाटकाशी आता फाळ टांगायला आकडाच उरला नव्हता. तिथं विजेची घंटा होती. बाईंनी तारेत बोटं घातली आणि फाळ स्वतःच्या हातानं उचलून धरला. दंड थरथरू लागला. पुढं अण्णा आत आले, त्यांच्या मागून महादेवी. बोल्ट कुठला मिळायला? तिनं फाटकाजवळचा एक दगड उचलला.

"अण्णा, तुमीच द्या टोल," ती पुटपुटली.

"शेवटी कोण आलं?"

महादेवीनं मागं वळून बघितलं. तिच्या मागं कुणी नव्हतं.

टण्ण!

मांडव गप्प झाला. लहान पोरांना ही रीत ठाऊकच नव्हती, ती एकमेकांकडं बघत राहिली. पण पालकांच्या रांगेत टेम्पोवाला बापू सुतार होता. पंधरा वर्षांपूर्वी तोही शेडवरून पळत यायचा. तो ताडकन उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"आऽऽली!"

मग मोठी पोरं ओरडली. मग सगळीच. शेवटी संस्थेचे पाहुणेसुद्धा, आपण नक्की कशासाठी ओरडतोय हे न कळताच, "आली" म्हणून मोकळे झाले.

महादेवीनं मान खाली घातली नाही. ती हसली. जयमालाबाई त्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्या वयात आपणही मान वर केली असती तर काय दिसलं असतं, ते त्यांना आत्ता दिसत होतं. त्यांना रडू आलं आणि त्याच वेळी असा अभिमान वाटला, की तसा अख्खा अहवाल वाचताना वाटला नव्हता.

महादेवी पुढच्या रांगेत जाऊन बसली. पोरींनी तिला सरकून जागा दिली.

बाईंनी टेबलावर अहवाल उघडला. डाव्या हातातला फाळ खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. 'उशिरा येणारे : शून्य' ही ओळ शोधली, शून्यावर काट मारली आणि पुढं लिहिलं, 'एक'.

अण्णा खांद्यावरून वाकून बघत होते.

"दोन," ते म्हणाले. "मीबी घंटेनंतरच आलो की."

"तुम्ही कसे काय, अण्णा? एसटी तर आठलाच येते."

"आलो हुतो आठलाच. पण वाटेत शेडवर ही दिसली, हिची बेदाण्याची पाटी भरायची हुती. मग बसलो निवडायला."

बाई हसल्या. 'एक' खोडून 'दोन' केलं. मग शेवटचं पान काढून, खालच्या कोऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवून, त्यांनी पेन पुढं केलं. 

अण्णांनी सही केली. सावकाश, पूर्ण नावानिशी.

पेन परत देताना त्यांची नजर बाईंच्या साडीवर गेली. काठापासून निऱ्यांपर्यंत गंजाचे तांबूस डाग पडले होते. म्हाताऱ्यानं ते डाग नीट बघितले, आणि कधी नव्हे ते बाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

"तीन कर, जयू. तूबी आत्ताच आलीस की... आन् ती ओळ समद्यांत मोठ्यानं वाच."