बायजाचा बोलका दगड

वेताळगडच्या राजेसाहेबांनी विलायतेहून रेडिओ मागवला आणि लगेच दवंडी पिटवली, "या संस्थानात रेडिओ एकच वाजेल, आमचा! दुसऱ्या कुणी रेडिओ विकला, तर तो वेशीबाहेर!"

आणि थोड्याच दिवसांत मल्हारी तांबटाच्या छपरावर उंच बांबू उभा राहिला. बांबूला तार! शिपायांनी ती बांधणाऱ्या मल्हारीच्या मुलीला, बायजाला, तार-हेडफोन अशा सगळ्या सामानासकट थेट दरबारात आणलं. मागून मल्हारी धावत आला.

"रेडिओ कुठाय?" राजेसाहेब गरजले.

"रेडिओ नाही, सरकार. दगड आहे." बायजाने पदराच्या गाठीतून एक चकाकता खडा काढला. "याला तारेचं वेटोळं जोडायचं, वर टाचणी टेकवायची. बोलतो!"

"वीज?"

"लागत नाही."

"बॅटरी?"

"तीही नाही."

दिवाणजी खो खो हसले. "दगडाला शेंदूर फासणारे पाहिले, सरकार. दगडाला गायला लावणारी आजच पाहतोय!"

राजेसाहेब हट्टाला पेटले. "मग आत्ता, इथं बोलव! नाही बोलला तर बापासकट गाव सोडायचं!"

मल्हारीने डोळेच मिटले. बायजाने तारेचं एक टोक बुरुजावर चढवलं, दुसरं जमिनीशी जोडायला विहिरीत सोडलं, मध्ये वेटोळं आणि खडा जोडला आणि राजेसाहेबांच्या कानांना हेडफोन लावला. खड्यावर टाचणी टेकवली. काही नाही. जरा सरकवली. तरी काही नाही! राजेसाहेबांच्या भुवया चढू लागल्या. बायजा खड्यावर आणखी वाकली. तिने टाचणी केसभर हलवली...

राजेसाहेब दचकले आणि गालात हसले!

ते पाहून दरबारी लगेच माना डोलवू लागले. "वाहवा! क्या बात है!"

बायजाला हसू आवरेना. "सरकार, हेडफोनमधलं फक्त तुम्हालाच ऐकू येतं. यांना विचारा की काय चाललंय!"

"दिवाणजी, राग कोणता?"

"भैरवी, सरकार! काय गळा आहे!"

"अहो, कापसाचे भाव सांगतोय तो!"

दिवाणजींनी पागोटं सावरण्याच्या निमित्ताने तोंड लपवलं. पण राजेसाहेब हुशार. ते बायजाकडे वळले.

"बोलतो म्हणजे हा रेडिओच! आणि शिपाई सांगतात, गावातल्या नादिष्ट मंडळींना तू तो विकतेस!"

"रेडिओ कुठं विकते, सरकार? खडा विकते, तार विकते, टाचणी विकते. जोडायचं ज्याचं त्यानं!"

"आणि जोडल्यावर?"

"नाही बोलला, तर दुसरा खडा न्यायला येतात. बोलला, तर आणखी लांबचं ऐकायला जास्त तार न्यायला येतात. तुमचा हुकूम काही मोडत नाही, पण त्यांचा नादही सुटत नाही!"

राजेसाहेब इतके हसले की हेडफोन घसरून गळ्यात आला.

"आम्ही हुकूम मागे घेत नसतो! पण राजवाड्याच्या दारालगतची खोली आजपासून तुझी. तिथं दुकान थाट आणि पाटी लाव : 'येथे रेडिओ मिळत नाही. बाकी सगळं मिळेल!' आणि हो, पहिलं गिऱ्हाईक आम्ही. हा खडा बांधून दे. तार जरा जास्तच दे!"